फुकटचा वारा

म्हसळ्याच्या मांजरांना हिराजी नाखव्याची मोटार माणसांच्या आधी कळायची. सकाळी आठाच्या सुमाराला बाजारातली दहा-बारा मांजरं अंग झटकत नाक्यावर येऊन बसली, की चहावाला चुलीवर आधण चढवायचा. मग खिंडीच्या बाजूने एका बाईची आरोळी यायची, "होऽऽय! सरका, सरका!" आणि आरोळीपाठोपाठ वळणावरून एक काळी, उंच, जुनाट मोटार मुकाट्याने घरंगळत यायची. मुकाट्याने, कारण इंजिन बंद असायचं. खिंडीच्या माथ्यावर हिराजी जे इंजिन बंद करायचा, ते नाक्यावर गाडी थांबेपर्यंत पुन्हा चालू करायचा नाही.

"उतार म्हंजे फुकटचा वारा, मास्तर," तो मला सांगायचा. "वारा पाठीशी असताना वल्ही मारील त्यो येडा."

आरोळी मारणारी बाई म्हणजे त्याची बायको जानकी. मोटारीच्या भोंग्याचा रबरी फुगा पहिल्याच वर्षी उंदरांनी खाल्ला होता. नवा आणायचा विषय निघाला तेव्हा हिराजी म्हणाला होता, "घरात भोंगा असताना इकत कशाला आनायचा?" त्यावर जानकीने त्याला जे ऐकवलं ते मास्तराच्या लेखणीतून उतरण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दर वळणाला ओरडायचं काम मात्र तिनेच अंगावर घेतलं. खाडीपलीकडच्या माणसाशी बोलायची सवय असलेला तो गळा. त्याच्यापुढे फुगा कुठे टिकणार?

मी तेव्हा बोर्ली पंचतनच्या शाळेत मास्तर होतो. माझ्या तिशीतली ती सात वर्षं. माझी थोरली बहीण, अक्का, म्हसळ्याला दिलेली. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जायचो. बोर्लीहून म्हसळा म्हणजे चालत निघालं तर जेवायला पोचण्याऐवजी चहाला पोचणार. बैलगाडीचं तेच. त्यामुळे बोर्लीखालच्या कोळीवाड्यातून निघून रोज म्हसळ्याला मासळी नेणारी हिराजीची मोटार, हाच काय तो माझा आधार होता.

पहिल्या रविवारी मी छत्री सावरत रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मोटार थांबली. मागे सहा-सात कोळणी, त्यांच्या मांडीवर, पायाशी, पाठीशी पाट्या. पाट्यांत बोंबील, मांदेली, बांगडे. पुढे सुकाणूवर हिराजी. रापलेला, रुंद खांद्यांचा, डोक्याला लाल टोपी, आणि डावा पाय काठीसारखा सरळ पुढे ताणलेला.

"मास्तर, डोंगरबाजूला बसा," तो म्हणाला.

मी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. डोंगर तर चारी बाजूंना होते. मागच्या बायका हसायला लागल्या. त्यातल्या जानकीने माझ्या छत्रीला धरून मला बरोबर जागेवर बसवलं.

"भाडं काय घेता?" मी विचारलं.

"चार खिळे."

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. शेवटी जानकीने किंमत सांगितली तेव्हा मी पैसे दिले, आणि हिराजीने ते कमरेच्या पिशवीत टाकताना समाधानाने मान हलवली. "चार खिळे झाले," तो पुटपुटला.

हे खिळे कसले, ते कळायला मला दोन रविवार लागले. हिराजीचा स्वतःचा मासेमारीचा मचवा होता. वडिलांपासून चालत आलेला, सागवानी. एका वर्षी मचवा किनाऱ्यावर ओढून घेताना लाटेने तो उचलला आणि हिराजीचा पाय मचवा नि खडक यांच्यामध्ये सापडला. मुंबईला नेलं, पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेनासा झाला आणि मचवा विकला गेला. हातात उरलं त्यात दुसरा मचवा येणं शक्य नव्हतं. त्या उरलेल्यात त्याने काय करावं? श्रीवर्धनच्या एका बागाईतदाराने हौसेने घेतलेली आणि दोन वर्षांत हौस फिटलेली एक मोटार त्याच्या गोठ्यात पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. ती हिराजीने विकत घेतली. सगळ्या कोळीवाड्याने कपाळावर हात मारला.

विकत घेताना त्याने ती कशी पारखली हे जानकी फार रंगवून सांगायची. इंजिनाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बोटाच्या सांध्यांनी सगळं अंग ठोकून पाहिलं, कान लावून ऐकलं, खाली वाकून बूड बघितलं आणि बागाईतदाराला गंभीरपणे विचारलं, "कवा बुडाली-बिडाली न्हाय ना?"

त्याला मोटारीची हौस नव्हती. त्याला मचवा हवा होता. रोज मोटार चालवायची, कोळणींच्या पाट्या म्हसळ्याला न्यायच्या, एका पैचा जादा खर्च करायचा नाही, आणि साठेल त्यातून पुन्हा स्वतःचा मचवा बांधायचा. त्याच्या डोक्यात रुपये-आणे नव्हतेच. सगळा हिशोब मचव्याच्या भाषेत चालायचा. उतारावर वाचलेलं पेट्रोल म्हणजे दोन खिळे. चांगल्या दिवसाची कमाई म्हणजे एक हात फळी. एकदा बोर्लीच्या शेठजींनी त्याला नवे टायर घे म्हणून आग्रह केला. किंमत ऐकून हिराजी दचकला. "शेट, ही तर माजी डोलकाठी झाली. डोलकाठी चाकाला बांधू काय?" असं म्हणून त्याने फाटक्या टायरात जुनं जाळं आणि काथ्या ठासून भरला. त्या टायरांवर बसून खिंड चढताना पोटातलं पाणी हलायचं, पण हवा जायची भीती उरली नव्हती. टप फाटला तर शिडाचा तुकडा जोडलेला, दिवा फुटला तर मचव्याचा कंदील टांगलेला.

हे वेड संसर्गजन्य असतं. तिसऱ्या वर्षी मी विडीचं बंडल घेताना मनाशी म्हणालो, हे तीन खिळे झाले. आणि बंडल परत ठेवलं. माझा काही मचवा व्हायचा नव्हता. माझी विडी मात्र त्यामुळे सुटली.

हिराजीला डावं-उजवं कळत नसे. म्हणजे डावा हात कुठला, हे त्याला माहीत होतं. पण दिशा सांगताना तो शब्द त्याच्या जिभेवर येत नसे. त्याच्या जगाला दोनच बाजू होत्या, दर्याबाजू आणि डोंगरबाजू. बोर्लीहून निघताना समुद्र ज्या हाताला असेल, ती बाजू थेट म्हसळ्यापर्यंत दर्याबाजू, मग मध्ये कितीही वळणं येवोत. परत येताना ती उलटी व्हायची. कोळणींना हे आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. "हिराजी, दर्याबाजूला म्हस हाय!" असं जानकी ओरडली, की तो बरोबर दुसऱ्या अंगाने गाडी काढायचा. मी मात्र सात वर्षांत दर वेळी म्हशीकडेच पाहत राहिलो.

लायसनच्या परीक्षेला यामुळे मोठी पंचाईत झाली. परीक्षा घ्यायला आलेले फौजदार घाटावरचे, नवे, कडक इस्त्रीचे. म्हसळ्याच्या मैदानात त्यांनी हिराजीच्या शेजारी बसून हुकूम सोडला, "गाडी डावीकडे घ्या."

हिराजीने गाडी उभी केली. "साहेब, जाताना का येताना?"

"म्हणजे काय?"

"म्हंजे आपुन आता म्हसल्याला आलो का म्हसल्यावरनं निगालो?"

फौजदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "अहो, आपण मैदानात आहोत. डावीकडे घ्या म्हणजे डावीकडे घ्या!"

"व्हय, पन दर्या कुटं धरायचा?"

"इथे मी दर्या कुठून आणू? समोर कचेरी आहे."

"मंग कचेरीला दर्या धरू," असं म्हणून हिराजीने मैदानाला एक झोकदार वळसा घातला आणि बरोबर उलट्या बाजूला जाऊन थांबला. मैदानाच्या कडेला आम्ही सगळे जीव मुठीत धरून उभे होतो. लायसन हुकलं असतं, तर मोटार आणि मचवा दोन्ही बुडालेच होते. फौजदार रागाने खाली उतरणार, तेवढ्यात मैदानात जवळजवळ उभ्या असलेल्या दोन बैलगाड्यांच्या मधून हिराजीने इंजिन बंद ठेवून, मैदानाच्या उतरत्या कडेच्या जोरावर, मोटार अशी काढली की दोन्ही बाजूंना वीतभरसुद्धा जागा नव्हती. बैलांनी रवंथही थांबवला नाही. फौजदारांनी मागे वळून त्या फटीकडे पाहिलं.

"हे कुठे शिकलात?"

"खाडीच्या तोंडाशी साहेब. थितं खडक असत्यात. बैल बरं, थोडं सरकत्यात तरी."

फौजदार खो खो हसले आणि त्यांनी सही केली. फक्त एक अट घातली, की डाव्या मनगटाला दोरा बांधायचा, म्हणजे डावी बाजू विसरणार नाही. हिराजीने साहेबाचा शब्द मानून काथ्याची दोरी बांधली. महिन्याभराने मी विचारलं, तर म्हणाला, "दोरी हाय मास्तर. पन दोरीची बाजू सोडून चालवायची का धरून, हे साहेब बोललंच न्हाय."

आता मांजरांचं सांगतो.

कोळीवाड्यात पावसाळ्यापूर्वी मचवे किनाऱ्यावर ओढून घेतात, ओंडक्यांवर ठेवतात, लाकडाला मुशीच्या काळजाचं तेल चोपडतात आणि वर नारळाच्या झापांचं छप्पर करतात. मुशी हा मोठा मासा, त्याच्या तेलाला जो वास असतो तो सांगून कळायचा नाही. पावसात आमचा रस्ताही बंदच व्हायचा. तेव्हा हिराजीने पहिल्याच पावसाळ्यात मोटार ओंडक्यांवर चढवली, चाकं काढून माळ्यावर ठेवली, वर झापांचं छप्पर केलं, आणि पत्र्यापासून सीटपर्यंत सगळ्या मोटारीला मुशीचं तेल लावलं. येणारे-जाणारे हसून लोळले. पण पावसाळा संपल्यावर शेठजींच्या नव्याकोऱ्या गाडीच्या पत्र्याला गंजाचे फोड आले होते, आणि हिराजीच्या मोटारीवर डागसुद्धा नव्हता. खारा वारा त्या वासाला भिऊन लांब राहिला असणार. माणसांचीही तीच गत होती. मी अक्काकडे पोचलो, की ती दारातूनच ओरडायची, "थांब तिथेच! त्या मोटारीतनं आलास ना?" मग अंगणात मला दोन घागरी पाणी ओतून घ्यावं लागायचं, सदरा दोरीवर टाकावा लागायचा, आणि मेहुण्यांचं धोतर नेसून मी जेवायला बसायचो. पुढे पुढे अक्काने माझा एक वेगळा जोडच तिथे ठेवला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बाहेर लावलेलं तेल एवढं कामाला आलं, तर आत घातलं तर किती कामाला येईल, असा विचार हिराजीच्या मनात आला. इंजिनाला घालायचं तेल मुंबईहून डब्यात यायचं, महाग पडायचं. मुशीचं तेल घरचं. मचव्याच्या लाकडाला जे मानवतं ते इंजिनाला का मानवू नये? दुसऱ्या वर्षी त्याने कोणाला न सांगता इंजिनात मुशीचं तेल ओतलं.

आणि मोटार चालली! तीन दिवस ती अशी चालली की विचारू नका. मागे निळा-पांढरा धूर, आणि त्या धुरातून मुशी तळल्याचा खमंग वास. म्हसळ्याची मांजरं पहिल्यांदा नाक्यावर जमली ती तेव्हा. काही तर मोटारीच्या मागे खिंडीपर्यंत धावत आली. हिराजी खूश. त्याच्या हिशोबाने डोलकाठीच वाचली होती. चौथ्या दिवशी खिंडीच्या चढावर इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते थांबलं. हँडल फिरेना. आत तेलाचा डिंक झाला होता.

मिस्त्री महाडहून यायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत कोळणी पूर्वीसारख्या पाट्या डोईवर घेऊन पहाटेच्या अंधारात खिंड चढू लागल्या. एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर चालत निघालो. पाहतो तर हिराजी त्यांच्यात. ताठ पाय फरपटत, डोक्यावर जानकीची पाटी. दर शंभर पावलांनी थांबत होता. जानकी एरवी दिवसभर त्याच्यावर तोंड सोडणारी. त्या दिवशी ती पाटीला मागून हात लावून चालली होती.

"हिराजीभाऊ, तुम्ही कशाला निघालात? पाय दुखेल," मी म्हणालो.

तो थांबला. मान वळवता येत नव्हती, म्हणून समोर बघतच बोलला. "दोन वर्सं झाली मास्तर, मी म्होरं बसून गाडी हाकतो. पाटी किती जड असते, इसरलो व्हतो." आणि पुन्हा चालू लागला.

मला तो माणूस आवडायचाच. त्या चढावर मला त्याच्याविषयी जे वाटलं, त्याला आवडणं म्हणता येणार नाही. माझा चेहरा कोणाला दिसू नये म्हणून मी उगाचच छत्री उघडली. ऊन पडायला अजून तासभर होता.

इंजिन दुरुस्त झालं. मिस्त्रीच्या बिलाला किती फळ्या गेल्या ते हिराजीने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मांजरांची नाक्यावर यायची सवय मात्र कायम राहिली.

खरी कसोटी पुढेच होती. पाचव्या वर्षी एका मुंबईकर व्यापाऱ्याने आमच्या रस्त्यावर मोटार सर्व्हिस सुरू केली. नवी लाल गाडी, गादीच्या सीट, तिकिटं, आणि दारावर पितळी दांडी. गाडी नवी, पण खिंडीचा रस्ता जुना. पहिल्याच आठवड्यात तिचा ड्रायव्हर दोनदा दरीच्या काठाला जाऊन आला आणि नोकरी सोडून मुंबईला पळाला. मालक आला तो थेट हिराजीकडे. मी तेव्हा कोळीवाड्यात कोणाचं तरी पत्र वाचून दाखवायला गेलो होतो, त्यामुळे सगळं माझ्या समोर झालं.

मालकाने महिन्याचा पगार सांगितला. ऐकून मीच चाट पडलो; माझ्या पगाराहून तो चांगलाच वर होता. गणित सोपं होतं. दोन वर्षं नोकरी केली की मचवा दारात उभा. मोटारीने तो जमवायला अजून किती वर्षं लागतील, ते देवच जाणे. मोटारही म्हातारी झाली होती, हिराजीही चाळिशी ओलांडून बराच पुढे गेला होता. दर्यावर जायचं तर अंगात जोर असताना जायला हवं.

हिराजीने एकच विचारलं. "पाट्या कुटं ठेवायच्या?"

"कसल्या पाट्या?"

"मासलीच्या."

मालक हसला. "छे छे! आमच्या गाडीत मासळी नाही चालणार. पांढरपेशी माणसं बसणार. गादीला वास लागतो."

"बरं," हिराजी म्हणाला. "उद्या सांगतो."

मालक गेला. अंगणात जाळं विणत बसलेल्या जानकीने वर पाहिलं नाही. नुसतीच म्हणाली, "घे नोकरी. आमी चालू. आमच्या आया काय मोटारीत जात व्हत्या?"

 हिराजी उठून वाळूवर गेला. तिथे दुसऱ्यांचे मचवे भरतीची वाट बघत उभे होते. त्यातल्या एकाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवून तो उभा राहिला. मास्तराची जात आगाऊ. मी मागोमाग गेलो.

"हिराजीभाऊ, घ्या नोकरी. दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे. मचवा येईल."

"येईल," तो म्हणाला. हात तसाच नाळेवर. "मास्तर, मना रोज सपान पडतं. मचव्यात बसलोय, सुकानू हातात हाय. हितं," त्याने तळवा दाखवला, "हितं घट्टा व्हता सुकानूचा. आता मऊ पडलाय." तो तळव्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मालकाला निरोप गेला. कारण विचारलं तर हिराजीने सगळ्यांना एकच सांगितलं, "गादीवर मला झोप लागंल. उगाच पांढरपेशी मानसं दरीत जायची." ज्याला त्याला हेच. खरं कारण त्याने कधी सांगितलं नाही आणि कोळणींनी कधी विचारलं नाही. पण एक गोष्ट मी पाहिली. लाल गाडी पुढे दुसऱ्या ड्रायव्हरने चालवली. म्हसळ्याहून परत येताना पाट्या रिकाम्या असायच्या, धुतलेल्या असायच्या, आणि गाडीवाला त्या टपावर ठेवायला तयार असायचा. भाडंही तेवढंच. तरी एकही कोळीण त्या गादीवर बसली नाही. हिराजीची मोटार पंक्चर होऊन, म्हणजे तिच्यातला काथ्या बाहेर येऊन, दुपारभर वाटेत पडली, तरी कोळणी झाडाखाली पान खात बसून राहायच्या. लाल गाडी समोरून जायची. जानकी तिला हात करायची, थांबवण्यासाठी नाही, नुसता टाटा.

सातव्या वर्षाच्या पावसाळ्यात, मोटारीशेजारी ओंडक्यांवर, मचव्याचा कणा उभा राहिला. वडिलांच्या मचव्याएवढा तो नव्हता. बराच लहान होता. पण सागवानी होता. सुतार फळ्या बसवत होता आणि हिराजी प्रत्येक खिळा त्याच्या हातात स्वतः देत होता. शनिवारची शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. कधीकधी खिळा देताना तो म्हणायचा, "यो तुमचा, मास्तर." मी हिशोब केला नाही, पण माझ्या रविवारच्या भाड्याचे खिळे पुढच्या अंगाला कुठेतरी असावेत.

"आता मोटार विकणार?" मी विचारलं.

"का म्हून? पहाटं मचवा, सकाली मोटार."

"मंग झोपायचं कवा?" जानकी आतून ओरडली.

"पावसात," हिराजी म्हणाला.

भाद्रपदात माझ्या बदलीचा हुकूम आला. पाली. दिवाळीच्या आत हजर व्हायचं होतं. दसऱ्याला मचवा पाण्यात उतरणार होता, तेवढं बघून निघायचं मी ठरवलं.

दसऱ्याला सकाळी भरती होती. समुद्र निवळला होता. मचव्याला झेंडूच्या माळा, नाळेला हळद-कुंकू. सगळा कोळीवाडा वाळूवर. पुरुषांनी दोन्ही बाजूंनी खांदे लावले, ओंडके घातले, आणि "हेऽऽ या!" करत मचवा पाण्यात लोटला. तो एकदा डोलला, सावरला आणि तरंगू लागला. दोघांनी हिराजीला उचलून आत बसवलं. त्याने सुकाणू धरलं. मऊ पडलेला तळवा त्याने दांड्यावरून एकदा फिरवला. त्याच्या भावाने शिडाची दोरी हातात घेतली.

पण हिराजी निघेना.

"काय झाला रं?" गावच्या म्हाताऱ्या पाटलाने विचारलं.

हिराजी किनाऱ्याकडे बघून म्हणाला, "जानके, ये. आनि समद्या या. पाट्यावाल्या समद्या."

 कोळणी मासळी विकतात, वाळवतात, नवऱ्याला धाकात ठेवतात. पण मासेमारीच्या मचव्यात पाय ठेवत नाहीत. त्या कोळीवाड्यात तरी तो रिवाज नव्हता. बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या दोन पावलं मागेच सरल्या. पाटील पुढे झाला. "हिराजी, आज सणाचा दिस हाय. पयल्या दिशी बायका मचव्यात? दर्या कोपंल."

"न्हाय कोपायचा," हिराजी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "दर्याला ठावं हाय यो मचवा कुनी बांदला. पाटील, या बाया न्हाय आल्या तर मचवा हितंच ऱ्हाईल. मी बी."

सात वर्षं वाट पाहून मिळालेला मचवा कंबरभर पाण्यात उभा होता आणि तो खरंच तसाच ठेवायला तो माणूस तयार होता. हे पाटलाला कळलं, आम्हा सगळ्यांना कळलं. म्हाताऱ्याने समुद्राकडे पाहिलं. मग हातातला नारळ जानकीपुढे धरला. "तूच वाढव जा थितं आत जाऊन," एवढंच बोलून तो बाजूला झाला.

जानकीने पदर खोचला आणि पाण्यात शिरली. मग दुसरी, तिसरी. पुरुषांनी हात दिले. जन्मभर समुद्राकाठी राहिलेल्या, समुद्रावर जगलेल्या त्या बाया मचव्यात चढताना लहान मुलींसारख्या किंचाळत होत्या, एकमेकींना घट्ट धरत होत्या, बुडाच्या फळ्यांवर हात फिरवून बघत होत्या. शीड वर गेलं. मचवा वळला आणि निघाला.

मी वाळूवर उभा राहून बघत होतो. दुसऱ्या दिवशी मला पालीची वाट धरायची होती. हिराजीला मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

पहिली मोठी लाट मचव्याखालून गेली तेव्हा बायकांचा कल्ला इथपर्यंत ऐकू आला. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी दर्यावर गेलेला हा माणूस शिडाकडे बघेल, लांब पाण्याकडे बघेल. तो तिकडे बघत नव्हता. मोटारीत चालवणारा पुढे बसतो. सात वर्षं त्या बाया त्याच्या पाठीशी बसल्या होत्या. मचव्यात सुकाणूवाला मागे बसतो. त्या दिवशी त्या सगळ्या त्याच्या समोर होत्या, आणि मचवा दूर जाऊन ठिपक्याएवढा होईपर्यंत तो त्यांच्याकडेच बघत होता.